सॉरी म्हटलं ना!



इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले. 'सॉरी' हा त्यांपैकी एक. शाळेची पायरी न चढलेल्या आजीच्या तोंडीही तो असतो. बसमध्ये पायावर पाय पडला, सॉरी. फोनवर नीट ऐकू आले नाही, सॉरी? दुकानदाराकडे सुटे नाहीत, सॉरी. इंग्रजी बोलणारी माणसे तर मयताच्या घरीही हाच शब्द उच्चारतात. एकच शब्द इतकी कामे करतो, की या क्षणी तो कोणते काम करीत आहे हे पाहायला आपण थांबत नाही.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ 'सोअर' म्हणजे दुखरे, ठणकणारे या शब्दाशी जुळते. (दुःख या अर्थाचा 'सॉरो' हा त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्या दोघांचे कूळ वेगळे.) म्हणजे सॉरी म्हणणारा मुळात एवढेच सांगतो की मला आत दुखते आहे. चूक कोणाची, याविषयी तो शब्द काहीच बोलत नाही. मराठीत आपण ही दोन कामे वेगळी ठेवली आहेत. "ऐकून वाईट वाटलं" हे निराळे आणि "माझं चुकलं" हे निराळे. मयताच्या घरी कोणी "माझं चुकलं" म्हणत नाही. सॉरीत मात्र दोन्ही मावतात, आणि अडचणीत सापडलेल्या माणसाला ही मोठीच सोय आहे.

ही सोय किती महागात पडते ते ऑस्ट्रेलियात दिसले. तेथील आदिवासींची हजारो मुले विसाव्या शतकात सरकारी धोरणानुसार आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये व परक्या घरांत ठेवली गेली. त्यांत चर्चच्या मिशन संस्थाही होत्या, हे आपण लपवू नये. 1997 साली चौकशी अहवाल आला आणि सरकारने अधिकृत माफी मागावी अशी शिफारस झाली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी 1999 साली संसदेत ठराव आणला, त्यात 'मनःपूर्वक खेद' होता. 'सॉरी' हा शब्द नव्हता. आधीच्या पिढ्यांच्या कृत्यांसाठी आजच्या पिढीने माफी का मागावी, असे त्यांचे म्हणणे. शेवटी 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत तो शब्द उच्चारला, तेव्हा ऐकणारी म्हातारी माणसे रडली. एका शब्दासाठी त्यांनी अकरा वर्षे वाट पाहिली होती. आणि केंद्राच्या थेट अखत्यारीतील प्रदेशांत ज्यांना असे तोडले गेले, त्यांच्यासाठी नुकसानभरपाईची योजना जाहीर झाली ती 2021 साली! शब्द आणि भरपाई यांच्यामध्ये आणखी तेरा वर्षे गेली.

आपल्या जालियनवाला बागेचेही तसेच. हत्याकांडाला शंभर वर्षे होत असताना, एप्रिल 2019 मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कँटरबरीचे अँग्लिकन आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला आले आणि त्या जमिनीवर पालथे पडले. आपण सरकारच्या वतीने बोलू शकत नाही हे त्यांनी स्पष्ट केले होते. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे जमिनीला टेकलेले कपाळ.

इंग्रजीत माफीसाठी 'अपॉलॉजी' असा भारदस्त शब्द आहे. त्याचे ग्रीक मूळ मात्र 'बचावाचे भाषण' असे आहे. संत पौलाने यरुशलेमेतील जमावापुढे केले, त्याला ग्रीक शुभसंदेशकार हाच शब्द वापरतो. पौलावरचा आरोप खोटा होता, त्याला बचावाचा हक्कच होता. आपण मात्र माफी मागता मागता बचावात कधी शिरतो ते आपल्यालाही कळत नाही. "सॉरी, पण तू आधी बोललास." "सॉरी, पण माझा तसा हेतू नव्हता." आपल्या वर्तमानपत्रांत याचा मराठी अवतार वाचायला मिळतो: "कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास दिलगीर आहोत." त्यातला 'असल्यास' वाचला की मला हसू येते आणि रागही येतो. दुखावल्या आहेत म्हणून तर ते छापावे लागले ना?

'क्षमा' या शब्दाची गोष्ट वेगळी. संस्कृतात क्षमा म्हणजे सोसणे. सारे काही सोसणारी म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. तेव्हा "मला क्षमा कर" म्हणणारा माणूस स्वतःच्या भावनेविषयी बोलतच नाही. तो समोरच्याला म्हणतो, मी केलेले तुला सोसावे लागले आहे, पुढचे तुझ्या हातात आहे. समोरचा 'नाही' म्हणू शकतो. "सॉरी म्हटलं ना!" असे आपण चिडून म्हणतो, तेव्हा नेमके हेच आपल्याला नको असते. आपण आपल्या बाजूने हिशेब मिटवलेला असतो, आणि समोरच्याने अजून वही उघडी ठेवली म्हणून आपल्याला राग येतो.

प्रायश्चित्त संस्कारात ख्रिस्तसभा आपल्याकडून तीन गोष्टी मागते: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. पहिल्या दोन आपल्याला ठाऊक असतात. तिसरी म्हणजे फादरांनी सांगितलेल्या दोन-चार प्रार्थना, असा आपला समज. कॅथोलिक धर्मशिकवण त्याहून पुढे जाते. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा स्वच्छ करावे, केलेल्या इजेची भरपाई करावी, असे ती स्पष्ट सांगते. पापाची क्षमा मिळते, पण पापाने केलेली मोडतोड तेवढ्याने दुरुस्त होत नाही. एखाद्या मुलीविषयी आपण चार घरी काही बोललो आणि तिचे जमत आलेले लग्न मोडले, तर तिला एकांतात सॉरी म्हणून काय होणार? त्या चार घरी पुन्हा जावे लागेल. जक्कयाचे उदाहरण घ्या. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी खेदाचा एकही शब्द नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, एवढेच तो बोलतो. आणि तारण त्याच्या घरी आजच आले आहे, असे प्रभू म्हणतो.

मिस्सामध्ये आपण शेजारच्याला शांतीचे चिन्ह देतो. बांधावरून ज्याच्याशी बोलणे टाकले तो भाऊ तीन बाकांपलीकडे बसलेला असतो. तिकडे आपण मान वळवत नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू अशाच प्रसंगाविषयी बोलतो, पण त्याचे बोलणे जरा नीट वाचावे. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. म्हणजे अढी त्याच्या मनात, आणि जायचे मी! ऐकणारे गालीलातले लोक होते. अर्पण वाहायची वेदी यरुशलेमच्या मंदिरात, तीन-चार दिवसांच्या पायपिटीवर. तिथवर आणलेले अर्पण वेदीसमोर ठेवायचे, पुन्हा तितकेच चालत गावी जायचे, भावाचे दार वाजवायचे. दार उघडल्यावर काय बोलायचे हे प्रभूने सांगितलेले नाही. अर्पण तिकडे वेदीपाशी वाट पाहत असते.