उसने शब्द आणि परीक्षकाचा संशय

विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्यास उसना मजकूर ओळखावयास फारसे परिश्रम पडत नाहीत. दोन पृष्ठे अडखळत चाललेली भाषा तिसऱ्या पृष्ठावर एकाएकी डौलदार होते आणि चवथ्यावर ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ पूर्ववत् सुरू होतो. कधी ‘मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे’ असे वाक्य भेटते, आणि निबंधास तर प्रकरणेच नसतात! परंतु सर्वांत बलवत्तर पुरावा चुकीचा. बरोबर गोष्ट दोघांस स्वतंत्रपणे सुचू शकते. एकच चुकीचा सन, एकच मुद्रणदोष दोघांच्या कागदांत उतरला, म्हणजे दोघांचे मूळ एक मानावेच लागते. जुन्या पोथ्यांची वंशावळ लावणारे पंडितही याच खुणेने चालतात.

अलीकडे हे काम संगणकाकडे गेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही असे ठरविले. पण संगणक जुळवितो ते मुख्यतः शब्द. दुसऱ्याचा विचार घेऊन त्यास नवा अंगरखा चढविणारा चतुर पुष्कळदा त्यातून निसटतो. राजशेखराने काव्यमीमांसेत शब्दहरण आणि अर्थहरण यांचा विचार निरनिराळ्या अध्यायांत केला, तो उगीच नव्हे.

असो. आम्हांस छळणारा प्रश्न निराळाच आहे. मूळ ग्रंथ सापडत नसता केवळ संशयावरून शिक्षा करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातून आलेल्या मुलाचा आगरकरांवरील निबंध आमच्या हाती पडला. वर्गात हा मुलगा कधी तोंड उघडीत नसे. निबंधाची भाषा मात्र प्रौढ व ठाशीव. आम्ही तीन दिवस ग्रंथालय पालथे घातले. काही सापडले नाही. तरीही गुण कापले आणि समासात ‘हे तुमचे नव्हे’ असा शेरा मारला. वास्तविक त्या निबंधात आरंभापासून अखेरपर्यंत एकच सूर होता. आमच्याच कसोटीस तो पुरा उतरत होता. हाच निबंध एखाद्या वकिलाच्या चिरंजीवांनी लिहिला असता तर आम्ही त्यांची पाठ थोपटली असती, हे लिहिताना आज लाज वाटते.

आठवड्याने तो मुलगा आला व त्याने चार कच्चे खर्डे आमच्यापुढे ठेवले. पहिल्यात तेच विचार ओबडधोबड बोलीत होते. एक वाक्य तर सहा वेळा खोडून लिहिलेले. तक्रारीचा शब्द त्याने काढला नाही. आम्ही गुण परत दिले, क्षमा मागितली. “असू द्या, सर,” एवढेच म्हणून तो गेला.

पुढील सत्रात त्याने दिलेला निबंध बेताचा, नीरस, चारचौघांसारखा होता. त्यात संशय घेण्याजोगे काहीच नव्हते.