कामापुरता माणूस?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मिस्सानंतर भेटायला आला. कंपनीत त्याला नुकतीच सुपरवायझर म्हणून बढती मिळाली आहे. हाताखाली बारा माणसे. कंपनीने त्याला दोन दिवसांचे ट्रेनिंग दिले: माणसांना नावाने हाक मारा, घरच्यांची चौकशी करा, चारचौघांत कौतुक करा, म्हणजे काम वाढेल. त्याने तसे केले आणि काम खरोखरच वाढले. "पण फादर," तो म्हणाला, "त्यांच्या मुलांची चौकशी करताना माझे लक्ष टार्गेटवर असते. हे ढोंग नाही का?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमॅन्युएल कांट या जर्मन विचारवंताशी माझी ओळख झाली. 1785 साली प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात तो सांगतो की, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. माणूस स्वतःच साध्य आहे. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. मालकाला कामगाराचे हात हवे असतात, कामगाराला पगार. त्यात पाप नाही. उपयोगापलीकडे समोरच्या माणसात आपल्याला काहीच दिसत नाही, तेव्हा चूक होते.

पण हे ओळखायचे कसे? हसू तेच, शब्द तेच. फरक कळतो तो माणूस आपल्या उपयोगाचा उरत नाही तेव्हा.

लूकच्या शुभवर्तमानातील कफर्णहूमचा शताधिपती आठवा. 'जा' म्हटले की जाणारे शिपाई त्याच्या हाताखाली होते. आपणही कुणाच्या तरी अधिकाराखाली आहोत, हे मात्र तो विसरला नव्हता. त्याचा चाकर मरणाला टेकला होता, कामाला निरुपयोगी झाला होता. दुसरा चाकर मिळणे त्याला कठीण नव्हते. तरी याच चाकरासाठी त्याने यहुद्यांच्या वडीलधाऱ्यांना मध्यस्थीला पाठवले. कम्युनियनपूर्वी आपण 'मी योग्य नाही' अशी जी प्रार्थना करतो, ती याच अधिकाऱ्याच्या शब्दांवरून आली आहे. ते शब्द त्याने चाकराच्या आजारपणात उच्चारले होते.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. गेल्या पावसाळ्यात चर्चची साफसफाई करणारे काका गुडघेदुखीने घरी होते. मी फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कधी येणार?" तब्येतीची चौकशी नंतर. काका म्हणाले, "येतो फादर, सोमवारी येतो." आणि सोमवारी ते लंगडत आले. त्यांच्या हातात झाडू पाहिला, तेव्हा मी काय केले ते मला कळले.

म्हणून त्या तरुणाला मी म्हणालो, "चौकशी सोडू नकोस. माणूस करता करताच चांगला होतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. पण मुलाबद्दल विचारलेस तर उत्तर नीट ऐक, लक्षात ठेव. आणि तुझ्या बारा जणांपैकी कुणी आजारी पडला, तर त्याला फोन कर आणि कामाचा विषयही काढू नकोस."

आपल्यापैकी कुणी ऑफिसात साहेब आहे, कुणी मुकादम, कुणाकडे घरकामाला बाई येते. या आठवड्यात आपणही असा एक फोन करू या. मी माझा काकांना करणार आहे.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू