श्वासाची किंमत

दिवाळीच्या फराळाला मनीषनगरातले आमचे शेजारी काका आले. करंजी हातातच राहिली आणि खोकल्याने त्यांना पुरते वाकवले. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईला अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काढलेली. त्या धुळीचा तंतू फुप्फुसात रुतला की वीसवीस, तीसतीस वर्षे गप्प बसतो.

"काका, भरपाई मागा," मी म्हणालो.

"मास्तर, दम का बाजारात इकाची वस्तू हाय?"

मी निरुत्तर झालो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा आजाराचा दाखला मिळालेल्या कामगाराला १ लाख रुपये द्यावेत असे ठरवले. शिवाय प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद, तो कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षे जपायला सांगितली. मला त्या लाखापेक्षा ही नोंद मोठी वाटते. रुपयांनी दम परत येत नाही, हे खरेच. पण ते मोजणाऱ्याला आधी कबूल करावे लागते, की हा खोकला बिडीचा नव्हे, आमच्या धुळीचा. आमच्या गल्लीने तर काकांना केव्हाच बिडीबाज ठरवले होते. (त्यात मीही होतो.)

हे मी त्यांना सांगितले. काका गप्प राहिले. चपला घालताना मात्र वळून म्हणाले, "कारखान्याचा जुना पास हाय पेटीत. तो चालते का?"