क्लूसियसने गाळलेली माणसे

युरोपच्या प्रबोधनाची कथा सांगताना आपण फ्लॉरेन्सपासून सुरुवात करतो. ग्रीक-लॅटिन हस्तलिखिते सापडली, माणूस केंद्रस्थानी आला, मग जहाजे निघाली असा तो ठरलेला क्रम. पण त्या जहाजांतून पोहोचलेल्या माहितीनेच प्राचीनांच्या अधिकाराला सुरुंग लावला, आणि त्यातला एक सुरुंग गोव्यात पेरला गेला होता, हे त्या कथेत सहसा येत नाही.

1563 साली गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून निघाला. लेखक गार्सिया द ऑर्ता, विषय हिंदुस्थानातली औषधी द्रव्ये. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, आणि छपाई इतकी ढिसाळ की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. त्याच पुस्तकात कामोइंशची एक कविता आहे. पोर्तुगालच्या या महाकवीची छापील स्वरूपात आलेली ही पहिली कविता, म्हणजे तीही लिस्बनच्या आधी गोव्यात छापली गेली.

ऑर्ता सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत शिकलेला, लिस्बनमध्ये अध्यापन केलेला वैद्य. 1534 मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज दर्यासरदाराबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती. सुलतान त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी, हा त्याला लॅटिन नावे सांगे. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो, हे तो कौतुकाने नोंदवतो.

त्याने पुस्तक लिहिले ते संवादरूपात. एकीकडे तो स्वतः, दुसरीकडे रुआनो नावाचा, नुकताच बोटीवरून उतरलेला काल्पनिक विद्वान. रुआनोच्या तोंडी सतत डायोस्कोरिडीस, प्लिनी, गॅलन हे प्राचीन ग्रीक-रोमन पंडित. ऑर्ता त्याला थांबवतो: झाड माझ्या डोळ्यांसमोर आहे, ते काय म्हणते ते पाहा. दालचिनी पक्ष्यांच्या घरट्यांतून मिळवावी लागते, या जुन्या दंतकथेचा तो निकाल लावतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध तोंड उघडण्याची छाती झाली नसती, अशी कबुलीही तो देतो. मला हे वाक्य सगळ्या ग्रंथात सर्वांत महत्त्वाचे वाटते. पांडित्याच्या दबावापासून सुटायला त्याला हजारो कोसांचे अंतर लागले.

अर्थात डोळ्यांनी पाहणारेही चुकतात. पिंपळी आणि मिरी एकाच झाडाची, हे डायोस्कोरिडीसचे म्हणणे त्याने बरोबर खोडले. पण त्याच दमात पांढरी मिरी आणि काळी मिरी यांच्या वेली वेगळ्या, असेही ठोकून दिले. वेल एकच असते, फरक पडतो तो दाणे कधी खुडले आणि कसे सोलले यामुळे. तेवढ्यासाठी मलबारच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारले असते तरी भागले असते.

विचारत तो होताच, आणि खरी गंमत तीच आहे. ग्रंथात वस्तू आणून दाखवायला आंतोनिया नावाची दासी येते. मालूपा नावाचा हिंदू वैद्य बोलतो. पटकीच्या प्रकरणात रोगाचे नाव आपल्या ओळखीचे आहे, मोडशी. रोग्याला काही तासांत संपवणाऱ्या या दुखण्याचे त्याने केलेले वर्णन कोणाही युरोपीयाच्या पहिल्या तपशीलवार नोंदींपैकी आहे. त्याच प्रकरणात मिरी-जिरे घातलेल्या तांदळाच्या कांजीचा देशी उपचारही आहे. पानावर ज्ञान कुठून आले याचा माग राहतो: कुणी आणून दिले, कुणी नाव सांगितले, कुणाशी वाद झाला.

त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. आंतोनिया घरातली गुलाम होती, तिला बोलावले जाते ते वस्तू आणण्यासाठी, मत विचारण्यासाठी नव्हे. हिंदू वैद्यांना शरीररचना कळत नाही, ते परंपरेने आणि अनुभवाने चालतात, असे तो तुच्छतेने म्हणतो. पण स्वतः गॅलनविरुद्ध वापरलेले हत्यार अनुभवाचेच होते, हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

पुस्तक छापून फार काळ झाला नव्हता तोच लिस्बनमध्ये ते कारोलस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडले. 1567 मध्ये अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून त्याचा लॅटिन संक्षेप निघाला. क्लूसियसने संवाद मोडले, विषयवार मांडणी केली, चित्रे घातली, टिपा जोडल्या. युरोपने ऑर्ता वाचला तो या रूपात. काम चोख आहे, आणि मूळ पुस्तकाच्या पसाऱ्यातून एखादी गोष्ट शोधणाऱ्याला त्याचे आभारच मानावेसे वाटतील. पण रुआनो गेला, आंतोनिया गेली, संवादांतली गप्पांची आणि वादांची गजबज गेली. उरले कोणाचेही नसलेले, वस्तुनिष्ठ दिसणारे सत्य. गप्पांतून मिळालेल्या गोष्टी शोध म्हणून नोंदल्या गेल्या. नव्या ज्ञानाची तटस्थ, माणूसविरहित भाषा अशीही घडली: बोलणारे गाळून.

इकडे गोव्यात गाळण्याची दुसरी तऱ्हा चालू होती. ऑर्ताचे आईवडील स्पेनमधून 1492 मध्ये हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये बळजबरीने बाटवलेले. बाटलेले लोक छुपेपणाने जुना धर्म पाळतात का, हे तपासून खटले चालवणारे चर्चचे न्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात 1560 मध्ये सुरू झाले. 1568 मध्ये ऑर्ता वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले. गॅलनपासून सुटलेला माणूस या न्यायासनापासून मेल्यावरही सुटला नाही. 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी क्लूसियसच्या संक्षेपाची आणखी एक आवृत्ती निघाली होती.

इन्क्विझिशनच्या या कारवाईची कागदपत्रे 1934 मध्ये आउगुस्तो द सिल्वा कार्वाल्यो या पोर्तुगीज वैद्य-इतिहासकाराने उजेडात आणली. त्याआधी कोंद द फिकाल्यो याने मूळ पोर्तुगीज संवादांची टिपांसह आवृत्ती 1891 आणि 1895 मध्ये दोन खंडांत काढली होती. मार्कहॅमचे इंग्रजी भाषांतर आले 1913 साली. इंग्रजी वाचकाला आंतोनिया भेटली ती तेव्हा, साडेतीनशे वर्षांनी.