गो-अराउंड : मोडलेला नेम पुन्हा धरताना



आजच्या चिंतनाला गीतेच्या सहाव्या अध्यायातले ३७ ते ४५ हे श्लोक घेतले आहेत. ते मला कळले माझ्या गॅलरीत उभं असताना, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

मी कुर्ला पश्चिमेला, कमानीच्या बाजूला भाड्यानं राहतो. सातवा मजला, वन बीएचके, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. घर दाखवताना एजंट गॅलरीचं दार उघडायलाच तयार नव्हता. दार उघडलं की विमानांच्या आवाजात भाड्याची बोलणी ऐकू येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. मीच दार उघडलं आणि तिथेच घर पक्कं केलं. समोर पत्र्याची छपरं, त्यांवर निळी ताडपत्री, पलीकडे विमानतळाची भिंत, आणि भिंतीपलीकडे मुंबईचा मुख्य रनवे.

रनवेच्या आमच्या बाजूच्या टोकावर २७ हा आकडा आहे. होकायंत्रावरचे २७० अंश, म्हणजे पश्चिम. शेवटचं शून्य गाळलेलं. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमानं घाटकोपरवरून येऊन आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. माझ्याकडे एक वही आहे. तारीख, वेळ, विमानाचा प्रकार आणि मागच्या अंगावर लिहिलेला, व्हीटीनं सुरू होणारा नंबर, एवढं मी त्यात लिहितो. काहींना हा वेडेपणा वाटतो. असू दे.

आता खरी गोष्ट सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

गेल्या कार्तिकी एकादशीला मी नेम धरला होता. रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या आणि एक माळ जप. फोनमध्ये जप मोजायचं ॲप घेतलं. रोज आकडा वाढायचा, खाली दिव्याचं चित्र यायचं. शंभर दिवस झाले तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला होता. तुमच्यापैकी काही जणांनी त्यावर हात जोडलेही होते.

फेब्रुवारीच्या शेवटी बाबांच्या छातीत दुखलं. साताऱ्याला ॲडमिट केलं, अँजिओप्लास्टी झाली. अकरा दिवस मी तिथे होतो. पोथी कुर्ल्यात राहिली हे खरं, पण फोनमध्ये ज्ञानेश्वरी होती. मी उघडली नाही. रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून मी रील्स बघायचो. एकामागून एक, पहाटेपर्यंत.

बाबा बरे होऊन घरी आले, मी मुंबईला आलो. ॲप उघडलं तर मोठं शून्य. वाटलं, ठीक आहे, भरून काढू. पण पहिला आठवडा ऑफिसचं साचलेलं काम उपसण्यात गेला. मग एका रविवारी हिशोब केला. अठरा दिवस गुणिले दहा, म्हणजे एकशे ऐंशी ओव्या. एका बैठकीत संपवायच्या म्हणून बसलो. सत्तर-ऐंशीच्या आसपास लक्षात आलं की डोळे ओव्यांवरून फिरताहेत आणि मन पानं मोजतंय. स्वतःचाच राग आला. पोथी कापडात बांधली आणि वर ठेवून दिली.

त्यानंतर तीन महिने ती गाठ सुटली नाही. रोज वाटायचं, अखंड होतं तेच तुटलं, आता काय अर्थ आहे? आणि याच तीन महिन्यांत विमानांच्या वहीत एकही दिवस कोरा नव्हता. वेळ नव्हता असं म्हणायची सोयच नव्हती.

जूनमधली एक संध्याकाळ. पाऊस लागलेला, वारा मधूनच झटके देणारा. घाटकोपरच्या बाजूनं ढगातून एक विमान खाली आलं. चाकं बाहेर, दिवे लागलेले, पंख डावीउजवीकडे कलत होते. आमच्या डोक्यावरून गेलं, आता भिंत ओलांडून टेकणार, एवढ्यात इंजिनं गरजली. नाक वर झालं, चाकं पोटात गेली, आणि विमान पुन्हा ढगात नाहीसं झालं.

याला गो-अराउंड म्हणतात. उतरणं सोडून द्यायचं, पुन्हा वर जायचं, आणि फेरी मारून परत यायचं. आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं, पायलट चुकला. प्रत्यक्षात ही ठरवून दिलेली पद्धत आहे. कधी पुढचं विमान अजून रनवेवरून बाजूला झालेलं नसतं, कधी वारा एकदम बदलतो. कधी विमानाचा वेग किंवा उतार हवा तसा बसलेला नसतो. ढगाळ हवेत साधारण १००० फुटांपर्यंत सगळं स्थिर झालं नाही, तर पायलटनं हट्ट करायचा नाही, वर जायचं, हा नियम आहे. असं असताना ‘उतरवणारच’ म्हणून रेटणं, हे खरं धोक्याचं.

मी वहीत वेळ लिहिली आणि फोनवर त्या विमानाचा ठिपका बघत राहिलो. ठिपका समुद्रावर गेला, वळला, मोठा वळसा घेऊन पुन्हा पूर्वेला आला, आणि काही वेळानं तेच विमान घाटकोपरवरून परत आलं. या वेळी टेकलं. चाकांपाशी पाण्याचा फवारा उडाला.

फोनवर आणखी एक गोष्ट दिसत होती. विमान दिल्लीहून आलं होतं. आणि माझ्या डोक्यात आलं : उतरता आलं नाही म्हणून ते परत दिल्लीला गेलं नाही!

मंडळी, मी गॅलरीतच खाली बसलो. कारण गेले तीन महिने मी नेमकं हेच करत होतो. एक उतरणं हुकलं म्हणून सगळा प्रवासच शून्य झाला असं धरून बसलो होतो. ॲपनं शून्य दाखवलं आणि मी ते देवाचं मत समजलो.

आता श्लोकांकडे येऊ. मन आवरणं म्हणजे वारा अडवण्याइतकं अवघड आहे, असं अर्जुन आधीच म्हणून चुकलेला आहे. भगवंतांनी ते नाकारलं नाही. मन आवरायला कठीण आहेच, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं ते हाती येतं, असं सांगितलं. तरी अर्जुनाचं समाधान होत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडला आणि मन मध्येच ढळलं, अशा माणसाचं काय होतं? त्याला इकडचं सुखही नाही, तिकडची प्राप्तीही नाही. फाटलेल्या ढगासारखा तो मधल्यामध्ये विरून तर जात नाही ना?

फाटलेला ढग! जूनमध्ये माझ्या गॅलरीतून असे ढग रोज दिसतात. मोठ्या ढगापासून सुटलेला तुकडा, पुढच्या ढगाला न मिळालेला. बघता बघता नाहीसा होतो. अर्जुनाची भीती अगदी खरी आहे.

भगवंत उत्तराची सुरुवात कशी करतात बघा. ते अर्जुनाला ‘तात’ म्हणतात. बाळा म्हणून जवळ घ्यावं तसा हा शब्द आहे. आणि सांगतात की त्याचा नाश नाही, इथेही नाही आणि पुढेही नाही. कल्याणाचं काम करणारा कधीच वाईट गतीला जात नाही. पुढे म्हणतात, त्याला पुढच्या जन्मी चांगलं घर मिळतं, किंवा योग्यांच्याच कुळात जन्म मिळतो. पूर्वी कमावलेली बुद्धी परत मिळते आणि तिथून पुढे तो प्रयत्न करू लागतो. तिथून पुढे, पहिल्यापासून नाही. आणि ४४व्या श्लोकात तर म्हणतात, त्याची स्वतःची इच्छा नसली तरी तो आधीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो.

एक जन्म संपला, शरीर गेलं, तरी केलेलं वाया जात नाही असं भगवंत सांगताहेत. आणि आपण तीन महिन्यांच्या खंडाला घाबरतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा प्रश्न सहाव्या अध्यायात येतो. अर्जुनानं अजून योगाला सुरुवातही केलेली नाही. पडण्याआधीच परतीची वाट सांगून ठेवलेली आहे. विमानातही तसंच असतं. उतरायला सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही पायलट एकमेकांना बोलून दाखवतात : उतरता आलं नाही तर किती उंचीवर जायचं, कोणत्या दिशेला वळायचं. सगळं नकाशात छापलेलं असतं. परत फिरावं लागणं हे प्रवासात धरलेलंच आहे. मग नेम धरताना आपण ते का धरत नाही? आपण फक्त ‘अखंड’ एवढंच ठरवतो. खंड पडला तर काय, हे कुणी ठरवतच नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय, कितीही वेळा सोडावं आणि कधीही यावं? नाही हो. विमानात इंधन मोजून असतं. मुक्कामाला पोचण्याइतकं, तिथे जमलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं, आणि त्यावर शेवटची राखीव तीस मिनिटं. फेऱ्या मारायला आकाश मोठं आहे, पण टाकी मोठी नाही. साताऱ्याच्या त्या बाकड्यावर मला हे कळायला हवं होतं. आत बाबांची टाकी किती उरली आहे ते डॉक्टर सांगत होते, आणि माझी भरलेलीच आहे अशा थाटात मी बाहेर अंगठा वर सरकवत होतो. तेव्हा पुन्हा यायचं ते लवकर यायचं.

आणि दुसरं, एकशे ऐंशी ओव्यांचा तो रविवार. तेव्हा वाटलं होतं की मी प्रायश्चित्त घेतोय. आता कळतं, ते रेटून उतरवणं होतं. त्यात देवाकडे जायची ओढ नव्हती. बिघडलेला आकडा नीट करायची घाई होती. भक्ती थोडी आणि अहंकार जास्त.

त्याच रात्री बाबांना फोन केला. आमचं गाव फलटण तालुक्यात. बाबा दरवर्षी लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर चालतात. या वर्षी डॉक्टरांनी इतकं चालायला मनाई केली आहे. मला वाटलं, बाबांना फार लागलं असेल. विचारलं, “बाबा, या वर्षी वारी मोडली ना?”

बाबा हसले. “मोडली कशानं? एष्टीनं वाखरीला जातो, तिथनं चालतो हळूहळू. डॉक्टर हो म्हणलाय.”

“पण लोणंदपासूनचं राहिलं ना?”

“आरं, पालखी काय कुनासाठी आळंदीला माघारी जाती व्हय? जिथं गाठ पडंल तिथनं चालाय लागायचं. इठ्ठल काय हजेरी घेतो का?”

मी काही बोललो नाही. वारी या शब्दाचा अर्थच फेरी. जायचं, यायचं, पुन्हा जायचं. बाबांना हे कुठल्या श्लोकात शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोथीची गाठ सोडली. मागे राहिलेल्या ओव्या मोजल्या नाहीत. खूण जिथे होती तिथून दहा ओव्या वाचल्या. मन तीनदा बाहेर गेलं, एकदा तर चक्क वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजामागे. तीनदा आणलं. जपाचं ॲप काढून टाकलं. आईनं दिलेली तुळशीची माळ कपाटात होती, ती घेतली. माळेला आकडा लक्षात राहत नाही. एकशे आठ झाले की मेरुमणी बोटाला लागतो आणि तिथूनच माळ उलटी फिरवायची.

आजचा अभ्यास छोटाच आहे. तुमचा एखादा नेम मोडून पडला असेल, हरिपाठ, सकाळची प्रार्थना, एकादशी, आईला रोजचा फोन, काहीही, तर आज तो जिथे सुटला होता तिथून एकदाच करा. बाकी राहिलेलं भरून काढू नका, कुणाला सांगू नका, स्क्रीनशॉट काढू नका. उद्याचं उद्या.

आणि आजच हेही ठरवून ठेवा : पुन्हा सुटलं, तर कुठून यायचं.

हे माउली, आमचं मन वाऱ्यासारखं आहे, हे तुला माहीत आहे. ते गेलं की परत आणायचं बळ दे. परत आल्यावर मान खाली घालून दारात उभं राहायची वेळ येऊ देऊ नकोस. सरळ आत येऊ दे.

राम कृष्ण हरी.