कॅमेऱ्यापुढे उघडे पडतील, हा समज

बेताल बोलणाऱ्या नेत्याला तासन्‌तास थेट का दाखवता, असं विचारलं की वृत्तवाहिन्यांचे संपादक सांगतात, मोठा माणूस बोलला म्हणजे ती बातमीच. शिवाय, लोकांना सगळं दिसू द्या, तो आपोआप उघडा पडेल. टीआरपीचं कारण सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मला यातला उघडं पाडण्याचा युक्तिवाद सर्वांत घातक वाटतो, कारण चांगली माणसं तो मनापासून मानतात.

9 फेब्रुवारी 1950 रोजी अमेरिकेतल्या व्हीलिंग गावी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यातल्या 205 कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचं सांगितलं. काही दिवसांत आकडा 57 झाला, मग सिनेटमध्ये 81. तरी प्रत्येक आकडा वृत्तसंस्थांच्या तारांवरून देशभर गेला. सिनेटर बोलले ते जसंच्या तसं छापायचं, खरंखोटं ठरवणं वार्ताहराचं काम नाही, अशी तेव्हाची वस्तुनिष्ठता होती. मॅकार्थींनी ती पुरती ओळखली होती. सकाळी पत्रकारांना बोलावून ते दुपारच्या पत्रकार परिषदेची घोषणा करत. दुपारच्या अंकांचा मथळा तयार! मग दुपारी नवी माहिती नसली तरी चालत असे. साक्षीदार अजून सापडत नाही, एवढं सांगितलं की दुसऱ्या सकाळचीही सोय होई. त्यांचा तिरस्कार करणारे वार्ताहरही या घटना घडवायला हातभार लावत होते, असं इतिहासकार डॅनियल बूरस्टिन यांनी पुढे ‘द इमेज’मध्ये दाखवून दिलं.

1954 मध्ये लष्कर आणि मॅकार्थी यांच्यातल्या वादाची सिनेटपुढे सुनावणी झाली. एबीसी वाहिनीकडे दिवसा दाखवण्यासारखे कार्यक्रम फारसे नव्हते, म्हणून त्यांनी ती जवळपास पूर्ण थेट दाखवली. 9 जून रोजी मॅकार्थींनी लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्यावर कम्युनिस्ट संबंधांचा आरोप केला. वेल्च यांनी आधी त्या तरुणाची हकीकत सांगितली. मॅकार्थी थांबेनात, तेव्हा तुमच्यात काही सभ्यता उरली आहे की नाही, असं विचारलं. प्रेक्षकांत टाळ्यांचा कडकडाट झाला. डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला.

कॅमेरा उघडं पाडतो, या श्रद्धेला यातून बळ मिळालं. पण तिथे काम एकट्या कॅमेऱ्याचं नव्हतं. तिथे सभापती होते, साक्षीपुरावे होते, उलटतपासणी होती आणि समोर वेल्च होते. धडा घेताना वाहिन्यांनी नेमकं हेच वगळलं.

15 मार्च 2016 च्या रात्री ॲरिझोनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतले बर्नी सँडर्स हजारो लोकांपुढे बोलत होते. अमेरिकेच्या मोठ्या वृत्तवाहिन्यांनी ते भाषण दाखवलं नाही. डोनाल्ड ट्रम्प येतील, याचीच वाट पाहणं चालू होतं. रिकामा पोडियम, त्याभोवती चर्चा. प्रश्न विचारणारं पडद्यावर कुणीच नाही. सीबीएसचे प्रमुख लेस मूनव्हेस यांनी त्याआधीच गुंतवणूकदारांच्या परिषदेत सांगून टाकलं होतं, की निवडणुकीचा हा तमाशा देशासाठी चांगला नसेल, पण कंपनीसाठी फारच चांगला आहे. त्या वर्षाच्या शेवटी शेवटी सीएनएनच्या जेफ झुकर यांनीही कबूल केलं, की सुरुवातीच्या काळात ट्रम्प यांच्या सभा जरा जास्तच दाखवल्या गेल्या.

मग आवाज बंद करावा का? 5 नोव्हेंबर 2020 रोजी ट्रम्प मतमोजणीत गैरप्रकार झाल्याचे बिनबुडाचे आरोप करू लागले, तेव्हा एबीसी, सीबीएस आणि एनबीसीने प्रक्षेपण मध्येच तोडलं. त्या रात्री ते योग्यच होतं, असं मला आजही वाटतं. पण राष्ट्राध्यक्ष काय म्हणतात हे नागरिकांना कळलंच पाहिजे, हा आक्षेपही खोटा नाही.

मे 2023 मध्ये सीएनएनने प्रश्न विचारणारी पत्रकार ट्रम्प यांच्यासमोर उभी केली. केटलन कॉलिन्स चुका दाखवत राहिल्या, पण सभागृहात बहुतेक ट्रम्प यांच्याच बाजूची माणसं होती आणि त्यांच्या प्रत्येक टोल्यावर हशा-टाळ्या मिळत गेल्या. वेल्चना मिळालेली टाळी इथे उलट बाजूला गेली. प्रश्नकर्ता असूनही थेट प्रक्षेपण हरलं, कारण वाक्य तपासायला लागणारा वेळच त्यात नसतो. तोवर पुढची तीन वाक्यं येऊन गेलेली असतात. चक्रीवादळ किनाऱ्यावर येताना थेट दाखवावं लागतं, तिथे तासाच्या उशिराने जीव जातात. पण भाषण चित्रित करून, आकडे ताडून, तासाभराने दाखवलं तर प्रेक्षकाचं काय बुडतं, याचं उत्तर मला अजून एकाही संपादकाने दिलेलं नाही.