कोठार भरलेले असतानाच



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचे कोठार रयतेस खुले केले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तिच्यातील एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. त्यांनी वाटले ते धान्य उत्तम होते. त्यास कीड लागेपर्यंत ते थांबले नाहीत.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या पेठेत सायंकाळी काय दिसते? सुकलेल्या मेथीच्या जुड्या आणि डागाळलेली केळी रस्त्याकडेला पडलेली असतात. दोष केवळ दुकानदाराचा म्हणावा काय? काळा ठिपका दिसताच फळ खाली ठेवणारे आपणच, आणि दुधाची पिशवी मागच्या रांगेतून ओढणारेही आपणच. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असे संयुक्त राष्ट्रसंघाचा अहवाल सांगतो. त्यात दुकानांचा वाटा सुमारे १२ टक्के, घरांचा ६०.

सुस्थितीतील उरलेले अन्न गोळा करून वाटण्याचे नियम २०१९ सालीच झाले आहेत. आमच्या मंदिरात मात्र किडके तांदूळ ‘देवाला’ म्हणून येतात! ते निवडताना आईचे डोळे शिणतात. व्यापारी बंधूंनी तोच माल मुदत टळण्यापूर्वी कमी भावाने विकला, किंवा दिला, तर ते दान ठरेल.

गेल्या एकादशीस मीही मऊ पडलेली केळी उकिरड्यावर टाकण्यास निघालो होतो. वडिलांनी काही न बोलता टोपली हातातून घेतली. द्वादशीस त्यांचे शिकरण झाले, आणि पंगतीतील मंडळींनी ते पुन्हा मागून घेतले.